बिनगाडीचं पुणं: राहायला पेठा कशा आहेत?

पुण्यात ‘गाडी’ म्हटलं की आधी दुचाकी डोळ्यांसमोर येते, चारचाकी नंतर. त्यामुळे इथे बिनगाडीचं राहायचं म्हणजे मोटार विकायची एवढ्यावर भागत नाही. स्कूटरची किल्लीही खुंटीवर राहिली पाहिजे. दूध, भाजी, औषधं, शाळा, दवाखाना, बस आणि मेट्रो हे सगळं पायी जमलं पाहिजे, आणि भाडंही आवाक्यात हवं. या कसोटीवर मुळा-मुठेच्या या शहरात सगळ्यात वर येतात त्या जुन्या पेठाच. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता इथे घरं मोकळी आणि हवेशीर मिळतात, पण कढीपत्त्यासाठीही किक मारावी लागते.

पेठांत जागोजाग सगळं हाताशी आहे, चालायची वाट मात्र बऱ्याच ठिकाणी वाईट आहे. म्हणून ‘सदाशिवात घर हवं’ असं ठरवून निघू नका. एकाच पेठेत एक गल्ली उत्तम आणि शेजारची राहण्याला नालायक, असं सर्रास आढळतं.

आधी जमेची बाजू. शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंत उत्तर-दक्षिण अंतर साधारण अडीच ते तीन किलोमीटर. अलका टॉकीज चौकापासून लक्ष्मी रस्त्याने पूर्वेला क्वार्टर गेटपर्यंतही जवळपास तेवढंच. एवढ्यात महात्मा फुले मंडई आहे (इमारत १८८६ची), तुळशीबाग आहे, पुस्तकं-वह्यांसाठी अप्पा बळवंत चौक, विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी तपकीर गल्ली, हार्डवेअरला बोहरी आळी, तांब्या-पितळेला तांबट आळी. मिक्सरचं भांडं गळायला लागलं, कुकरची शिट्टी हरवली, चष्म्याची काडी तुटली, चपलेचा अंगठा निघाला, तर दुरुस्त करणारा माणूस दहा मिनिटांच्या चालीत सापडतो. नव्या उपनगरात यातल्या निम्म्या कामांसाठी वस्तू बदलूनच घ्यावी लागते. गाडी नसण्याचा खर्च मोजताना हा मुद्दा सहसा कुणी धरत नाही.

वाचणाऱ्यांसाठी पुणे नगर वाचन मंदिर (स्थापना १८४८) आणि नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय (१९११) आहे. शाळांमध्ये नूमवि, हुजूरपागा, रमणबाग, टिळक रस्त्यावरचं न्यू इंग्लिश स्कूल, ज्ञानप्रबोधिनी, आणि पुढे स. प. महाविद्यालय. रास्ता पेठेत केईएम, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, स्टेशनाच्या बाजूला ससून. मुलं शाळेत एकटी चालत जाऊ शकतात आणि आजीला दवाखान्यात नेण्यासाठी कुणाला सुट्टी काढावी लागत नाही. कुटुंबाच्या हिशेबात ही सोय भाड्यातल्या फरकापेक्षा मोठी ठरते.

मेट्रो आल्यावर पेठांचं जुनं दुखणं बरंच कमी झालं. पूर्वी पेठेतून बाहेर पडायचं म्हणजे कोंडीत अडकलेली बस. २९ सप्टेंबर २०२४ रोजी सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई, स्वारगेट ही तीन स्थानकं पेठांच्या पोटात आली. कसब्याचं स्थानक फडके हौदाजवळ आहे. तिकीट किमान १० आणि कमाल ३५ रुपये. मंडईहून सिव्हिल कोर्ट दोनच स्थानकं.

तिथे मार्गिका बदलायची असेल तर मात्र वेळ धरूनच निघा. स्वारगेटकडून येणाऱ्या जांभळ्या मार्गिकेचा फलाट जमिनीखाली साधारण ३३ मीटरवर आहे आणि वनाझ-रामवाडी मार्गिका उन्नत. खालून वर यायला सरकत्या जिन्यांच्या कित्येक फेऱ्या होतात, सहज ५ ते ७ मिनिटं जातात. सामान असेल तर लिफ्ट शोधा, पण तिथेही रांग असते. म्हणून सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेतून कोथरूडकडे जायचं असेल तर मंडईला जाऊन सिव्हिल कोर्टचा वळसा घेऊ नका. लकडी पूल ओलांडून सरळ डेक्कन जिमखाना स्थानक गाठा. अलका चौकापासून दहाएक मिनिटांची चाल आहे, तिकीट कमी लागतं आणि वेळही वाचतो. भिडे पुलावर मात्र पावसाळ्यात भिस्त ठेवायची नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद होते.

पुणे स्टेशनला जाण्यासाठी मंडईकडच्या लोकांना सिव्हिल कोर्टला मार्गिका बदलण्यापेक्षा थेट बस सोपी पडते. सोमवार आणि रास्ता पेठेतून तर स्टेशन रिक्षाच्या पहिल्या-दुसऱ्या किलोमीटरमध्येच येतं. २०२२च्या दरांनुसार पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. अडचण अशी की इतक्या जवळचं भाडं बरेच रिक्षावाले नाकारतात. सामान घेऊन पहाटेची गाडी पकडायची असेल तर रिक्षा आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसबद्दल नव्या माणसाची पहिली चूक ठरलेली आहे. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दोन्ही एकेरी आहेत. स्वारगेटकडे जाणाऱ्या बस बाजीराव रस्त्याने जातात: अप्पा बळवंत चौक, विश्रामबागवाडा, शनिपार, भिकारदास मारुती. शिवाजीनगरकडे जाणाऱ्या शिवाजी रस्त्याने, मंडईवरून शनिवारवाड्याकडे. म्हणजे ज्या थांब्यावर उतरलात त्याच्या समोरून परतीची बस मिळत नाही, पलीकडच्या रस्त्याला चालत जावं लागतं. घर बघताना दोन्ही थांबे चालून बघा. शनिपारजवळचं घर उतरायला अगदी दारात आहे, पण बस पकडायला मंडईपर्यंत पाच-सात मिनिटं चालावं लागतं, आणि तेही गर्दीतून. दोन रस्त्यांच्या मधल्या गल्लीतली घरं या बाबतीत सगळ्यात सोयीची.

जून २०२५पासून पीएमपीचं तिकीट ५ किलोमीटरपर्यंत १० आणि १० किलोमीटरपर्यंत २० रुपये आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरपालिका हद्दींचा दैनिक पास ७० आणि मासिक १५०० रुपये. आता आकडेमोड करा. रोज जाऊन-येऊन दोन तिकिटं २० रुपयांची, महिन्याला २५ दिवस, तर १००० रुपये होतात. मग मासिक पासाचा काही फायदा नाही. बस बदलून जावं लागत असेल किंवा संध्याकाळी शिकवणी, वाचनालय अशा फेऱ्या होत असतील तरच पास काढा. याउलट मोटारीचा नुसता पेट्रोलचा खर्च घ्या. रोज २० किलोमीटर, शहरात लिटरला १२ किलोमीटर धरले तर महिन्याला ४२ लिटर लागतात. लिटरला १०४ रुपयांनी ४३००च्या पुढे जातं. विमा, सर्व्हिसिंग, हप्ता आणि पार्किंग वेगळंच. हे वाचलेले तीन-चार हजार घरभाड्यात घातले तर मंडईच्या चालीतलं घर हिशेबात बसतं. पेठ महाग म्हणताना लोक दोन घरांचं भाडं शेजारी ठेवतात. त्याच्याबरोबर दोन घरांचा प्रवासखर्चही ठेवला पाहिजे.

भाड्याच्या उतरंडीत सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठ सगळ्यात वर. याचं एक कारण जुनी प्रतिष्ठा आणि दुसरं स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत अभ्यासिका, मेस आणि ‘कॉट बेसिस’च्या खोल्यांचं जाळं आहे. दोन खोल्यांत सहा कॉट बसवल्या तर मालकाला कुटुंबाकडून मिळेल त्यापेक्षा जास्त भाडं सुटतं, म्हणून कुटुंबाला द्यायच्या जागा कमी राहतात. एकट्या माणसाला मात्र हेच सोयीचं. कॉट, मेसचं जेवण आणि अभ्यासिकेतली जागा हे सगळं पाच मिनिटांत असतं. कॉट घेताना तीन गोष्टी विचारून घ्या: वीजबिल भाड्यात धरलंय की डोईवर वाटून, पाणी दिवसात किती वेळ, आणि एका संडास-बाथरूममागे किती माणसं. चारपेक्षा जास्त असतील तर सकाळी वेळेवर बाहेर पडणं जमत नाही.

कुटुंबासाठी परवडणाऱ्या जागा पूर्वेला मिळतात: कसबा, सोमवार, रास्ता, नाना, गुरुवार, गंज म्हणजे महात्मा फुले पेठ, आणि शुक्रवार पेठेचा आतला भाग. माझ्या मते आज पैशाला सगळ्यात जास्त मोल कसब्याच्या पूर्वेकडच्या आणि सोमवार-रास्ता पेठेच्या आतल्या गल्ल्यांत आहे. केईएम चालत, स्टेशन जवळ, कसबा पेठ मेट्रो पंधराएक मिनिटांत, आणि लक्ष्मी रस्त्याची रोजची गर्दी अंगावर नाही. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेचा जुना बाजार भरतो तेव्हा त्या बाजूची वाट टाळावी, एवढंच. नाना आणि भवानी पेठेत भाडं आणखी उतरतं, पण तिथे मालाच्या टेम्पोंची ये-जा आहे. मूल लहान असेल तर सकाळी १० ते १२ या वेळात जाऊन रस्ता बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

आता चालायच्या वाटेबद्दल, कारण घर फसतं ते इथेच. पदपथ कागदावर आहेत. प्रत्यक्षात त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात, महावितरणची डीपी म्हणजे विजेची पेटी असते, दुकानाच्या पायऱ्या आलेल्या असतात, फरशी उखडलेली असते. पदपथाची उंची जागोजागी वेगळी. प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी तो उतरतो आणि पुन्हा चढतो. त्यामुळे गुडघे दुखणारी माणसं, बाबागाडी आणि चाकांची खुर्ची यांना तो निरुपयोगी, आणि धडधाकट माणूसही शेवटी रस्त्यावरूनच चालतो. लक्ष्मी रस्त्यावर महापालिका २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा त्या दिवशी वाहनांना बंद असतो. त्या दिवशी तिथे एकदा जाऊन याच. म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चालतात, मुलं हात सोडून पळतात. पेठा मुळात याच चालीसाठी वसल्या आहेत, आणि वर्षाचे उरलेले दिवस आपण त्यांना काय करून ठेवलंय हे पाहून जीव तुटतो.

म्हणून घर ठरवण्याआधी चालून परीक्षा घ्या. पाठीवर किंवा दोन पिशव्यांत मिळून ८ किलो वजन घ्या, आठवड्याच्या भाजी-किराण्याचं तेवढं होतं. मंडईपासून त्या घरापर्यंत चाला, मंगळवार सोडून कुठल्याही कामाच्या दिवशी संध्याकाळी ७ वाजता. (मंगळवारी दगडूशेठच्या दर्शनाची गर्दी असते, अंदाज चुकतो. घर शिवाजी रस्त्याच्या त्या टापूतच असेल तर मात्र मुद्दाम मंगळवारीच चाला.) दर ५०० मीटरला किती वेळा पदपथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं ते मोजा. पाचच्या आत असेल तर वाट चांगली. पाच ते पंधरामध्ये चालून जाईल. त्यापुढे गेलं तर ते घर सोडा, कारण पहिल्या पावसाळ्यात तुम्ही स्कूटर घ्याल. दुसरी फेरी रात्री साडेदहाला मेट्रो स्थानकापासून घरापर्यंत. गल्लीत दिवे आहेत का, एखादं दुकान किंवा पानटपरी उघडी आहे का, कुत्र्यांच्या टोळ्या कुठे बसतात हे तेव्हाच कळतं. शेवटची मेट्रो रात्री ११च्या सुमारास असते, म्हणून ही वेळ महत्त्वाची. तिसरी फेरी जोराच्या पावसानंतर तासाभरात. पाणी कुठे साचतं आणि ड्रेनेजचं झाकण कुठे उचकटलेलं आहे ते लक्षात ठेवा.

चौक ओलांडण्याची वेळही मोजा. अलका चौकात पाच-सहा दिशांनी वाहनं येतात आणि डावीकडे वळणारी सिग्नलला थांबत नाहीत. ज्या घरापासून शाळेच्या वाटेवर असा एकही चौक येत नाही, ते घर हजार-दोन हजार जास्त देऊनही स्वस्तच म्हणायचं.

चाकांची भाजीची ट्रॉली इथे घेऊ नका. चढ-उतारांच्या पदपथावर ती कलंडते आणि चाकं महिना-दोन महिन्यांत मोडतात. रुंद पट्ट्यांची पाठपिशवी आणि एक कापडी झोळा पुरतो. जड माल, म्हणजे गव्हाची गोणी, तेलाचे डबे, पाण्याचे जार, दुकानदार घरपोच देतात. मात्र दुसऱ्या मजल्याच्या वर उद्वाहन नसेल तर वर आणून द्यायचं आधीच बोलून घ्या, नाहीतर गोणी जिन्याखाली पडून राहते. भरलेल्या गॅस सिलिंडरचं वजन २९-३० किलोच्या घरात जातं, तोही वर कोण चढवणार ते विचारा.

जुन्या वाड्यात भाडं सगळ्यात कमी, पण वाडा घेताना डोळे उघडे ठेवा. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या वाड्याला ती आली आहे का हे मालकाला नाही, शेजारच्या भाडेकरूला विचारा. लाकडी तुळयांच्या टोकांना, जिथे त्या भिंतीत शिरतात तिथे, बोटाने दाबून बघा. भुसा पडला तर वाळवी आहे. मातीच्या भिंतीला फुगवटा असेल किंवा जिन्याच्या पायऱ्या एका बाजूला कललेल्या असतील तर पुढे जाऊ नका. जिना किती रुंद आहे तेही मोजा. कपाट आणि वॉशिंग मशीन त्या जिन्यातून वर चढत नाही असं सामान आणल्यावर कळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. टेम्पो गल्लीत शिरतो का हेही बघा आणि सामान सकाळी ७च्या आत उतरवा, त्यानंतर गल्ली तुंबते. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या वाड्यात अकरा महिन्यांचा करारही पुरा होईल याची खात्री नसते. घर रिकामं करायला किती महिन्यांची आगाऊ सूचना हे करारात लिहून घ्या.

कराराची नोंदणी टाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार ती सक्तीची आहे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १००० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. भाडं १५,००० आणि अनामत ५०,००० असेल तर अकरा महिन्यांचे १,६५,००० अधिक सुमारे ४,५८३, म्हणजे शुल्क साधारण ४२५ रुपये. याहून बरीच मोठी रक्कम ‘सरकारी खर्च’ म्हणून कुणी मागितली तर पावत्या मागा. एजंटाची दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी. पेठेत ती वाचवता येते. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला आणि गल्लीतला तालमीचा कार्यकर्ता यांना रिकाम्या खोल्या एजंटाच्या आधी माहीत असतात.

आवाज आणि हवा ही पेठांची मोठी उणीव. बाजीराव, शिवाजी आणि लक्ष्मी रस्त्यावर तोंड असलेल्या घरात धूळ आणि हॉर्न दिवसभर असतात. एक गल्ली आत गेलात तर आवाज लक्षात येण्याइतका कमी होतो, म्हणून रस्त्याकडे तोंड असलेली ‘प्राइम’ जागा नको, मागची घ्या. गणेशोत्सवात दहा दिवस संध्याकाळी रस्ते बंद असतात आणि बस मार्ग बदलतात. विसर्जन मिरवणूक २४ तासांहून जास्त चालते. बिनगाडीच्या माणसाला यात एक फायदा आहे, त्याला चालत कुठेही जाता येतं. पण घरात तान्हं बाळ किंवा हृदयरोगी असेल तर लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर या मिरवणुकीच्या रस्त्यांपासून दोन गल्ल्या लांबचं घर घ्या. मोकळी मैदानंही कमीच. दक्षिणेकडच्या पेठांना सारसबाग चालत आहे, कसबा-सोमवारकडच्या मुलांची मात्र कुचंबणा होते. पाणी उपनगरांपेक्षा बरं येतं, तरी दुरुस्तीसाठी गुरुवारी बंद ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हा टाकी किती लिटरची हे विचारावं.

नोकरी कुठे आहे यावर शेवटी बरंच ठरतं. शिवाजीनगर, डेक्कन, कोर्ट, येरवडा, कल्याणीनगर, पिंपरी या पट्ट्यात असेल तर पेठ डोळे मिटून घ्या. हडपसरला स्वारगेटहून बस भरपूर आहेत. खराडीला रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे बस किंवा रिक्षा, एकूण सव्वा तास धरा. हिंजवडीत रात्रपाळी असेल आणि कंपनीची बस पेठेत येत नसेल तर हा भाग तुमच्यासाठी नाही. त्यापेक्षा चिंचवड गावाच्या जुन्या भागात बघा, तिथेही बाजार आणि शाळा चालत आहेत आणि भाडं पेठांपेक्षा कमी पडतं.

पाचपैकी गुण द्यायचे तर: सोयी हाताशी असण्याला ५, बस-मेट्रोला ४, भाड्याला पश्चिमेकडच्या पेठांत २ आणि पूर्वेकडे साडेतीन, पदपथांना दीड. शांततेला रस्त्यावरच्या घरात १, आतल्या गल्लीत ३.